रुप्याचे पात्र आणि कर्जाचे ओझे

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तांब्याच्या बैठकीवर उभे असलेले एक रुप्याचे पात्र आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लगश या सुमेरी नगरराज्याचा अधिपती एन्तेमेना याने ते निन्गिर्सू देवाला अर्पण केले. पंख पसरून नखांत सिंह धरलेला सिंहमुखी गरुड त्यावर कोरलेला आहे. आजच्या इराकमधील तेल्लो येथे फ्रेंच उत्खननात १८८८ साली ते सापडले.

त्याच्या कारागिरीची वाखाणणी रास्तच आहे. परंतु सुमेरच्या भूमीत रुप्याची खाण नव्हती. रुपे बाहेरून येई आणि त्याच्या मोबदल्यात शेतकऱ्याचे धान्य व विणकरांचे लोकरी कापड जाई. पात्राच्या गळ्यावरील लेखात देव, राजा आणि दुदू नावाचा पुजारी यांचा उल्लेख आहे, घडवणाऱ्याचा नाही.

याच एन्तेमेनाचा दुसरा एक लेख मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. त्यात त्याने प्रजेची कर्जे रद्द केल्याचे आणि ताटातूट झालेल्या मुलांना मातांकडे परत पाठविल्याचे नोंदविले आहे. यासाठी वापरलेल्या ‘अमार्गी’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘आईकडे परतणे’ असा आहे. कर्जमुक्तीच्या ज्ञात घोषणांपैकी ही सर्वांत जुनी मानली जाते.

आज कर्जमाफीची मागणी पुढे आली की पतशिस्त बुडाल्याचा आक्रोश सुरू होतो. जणू काही अर्थव्यवहाराच्या आरंभापासून ऋण हे अनुल्लंघ्यच होते! वस्तुतः कर्जाने रयत नागवली की राज्यही टिकत नाही, हे त्या प्राचीन सत्ताधीशांना उमगले होते.

तथापि एन्तेमेनाला समाजवादी ठरविण्याचा भाबडेपणा आपण करू नये. त्याची कर्जमुक्ती सिंहासनावरून उतरलेली कृपा होती. पुढे सुमारे सात-आठशे वर्षांनी बाबिलोनचा राजा अम्मिसदुक यालाही तशीच आज्ञा काढावी लागली. कर्ज पुसले गेले, पण कर्ज निर्माण करणारी मालकीची व्यवस्था अबाधित राहिली. म्हणून माफी पुनःपुन्हा द्यावी लागली आणि दात्याचा जयजयकारही पुनःपुन्हा होत राहिला.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कर्जमुक्ती मागताना संकोच नको. परंतु तेवढ्यावर समाधानही नको. जमीन, पाणी, पतपुरवठा आणि शेतमालाचा भाव यांवर कष्टकऱ्यांचा हक्क प्रस्थापित होत नाही, तोवर आजची माफी ही उद्याच्या कर्जाची नांदीच ठरेल.