मधल्या गळ्याचे काय?

दिवाळी अंकात 'थ्रॅश मेटल' हे शब्द दिसताच ज्यांना अंक मिटून ठेवण्याची इच्छा होईल, त्यांनी तो खुशाल मिटावा. फक्त हातातली चकली संपेपर्यंत माझे म्हणणे ऐकून घ्यावे. मी मंडणगडचा माणूस. गाण्यातले मला कळते ते जाखडीपुरते आणि थोडेफार नाट्यसंगीतापुरते. तेव्हा विलायती गोंगाटाची वकिली करायला मी उभा राहिलेलो नाही. माझे भांडण आहे ते रसिकांशी. आणि रसिक न्यूयॉर्कचा असो वा आमच्या वाडीचा, त्याची खोड एकच आहे, हे मला यंदा गणपतीत उमगले.

माझा भाचा मुंबईहून आला होता. पडवीत बसून त्याने मला 'अँथ्रॅक्स' नावाच्या मंडळींचे 'वर्शिप म्युझिक' ऐकवले. (एका भयंकर रोगाचे नाव संगीत मंडळीला देणारे लोक धन्य होत! आमच्याकडे निदान 'हनुमान प्रासादिक' असते.) न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली ही मंडळी जमली. जोई बेलाडोना नावाचा गवई त्यांना १९८४ साली मिळाला आणि त्याच्याच गळ्यावर १९८७ सालचे 'अमंग द लिव्हिंग' गाजले. या जातीच्या गाण्यात ढोल घोड्याच्या टापांसारखे धावतात, गिटारीच्या तारा तळव्याने दाबून कापल्यासारख्या वाजवतात आणि गाणारे बहुधा ओरडतात. बेलाडोना मात्र वरच्या पट्टीत, मोकळ्या आवाजात गातो. खरे सांगतो, पहिली पाच मिनिटे मी कानांवर हात ठेवण्याच्या बेतात होतो. मग ध्यानात आले की जाखडी रंगात आली, ढोलकीवाल्याने लय दुगणीत नेली आणि चाळ बांधलेली वीस पावले एकदम आपटली, म्हणजे बाहेरच्या माणसाला याहून वेगळे काय वाटत असेल?

"मामा, हा खरा गळा," भाचा म्हणाला. "१९९२ साली यांनी त्याला काढून टाकला. २०१० ला परत घेतला, तेव्हा कुठे गाणं जाग्यावर आलं."

"आणि मधली बरीच वर्षे कोण गात होते?"

"होता एक. जॉन बुश. त्याचं कोण ऐकतो?"

झाले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या वाक्याने.

या बुशने मंडळींबरोबर चार नव्या तबकड्या काढल्या. पैकी १९९३ सालची 'साउंड ऑफ व्हाइट नॉइज' अमेरिकेच्या खपाच्या यादीत सातव्या जागी पोहोचली होती. सर्वांनी डोक्यावर घेतलेले २०११ चे 'वर्शिप म्युझिक' पोहोचले बाराव्या जागी. यादीवरून गाण्याची किंमत करू नये, हे मलाही समजते. पण 'त्याचे कोण ऐकतो' या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरे आहे. नव्वदीच्या दशकात या धर्तीच्या संगीताला वाईट दिवस आले, लोक दुसरीकडे वळले, तेव्हा दिवा विझू न देणारा हाच माणूस होता. आज जलशात त्याच्या काळची गाणी क्वचितच कानी पडतात.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. 'वर्शिप म्युझिक' आधी गायले होते ते डॅन नेल्सन नावाच्या तिसऱ्याच तरुणाने. २००९ साली तो गेला, मध्यंतरी काही जलशांपुरता पुन्हा बुशलाच हाक घातली आणि शेवटी बेलाडोना येऊन त्याच गाण्यांवर नव्याने गायला. म्हणजे एक आख्खा गळा खरवडून काढून त्यावर दुसरा चढवला! गाणे उत्तम झाले, ते मी नाकारत नाही. बेलाडोनाचा आवाज पन्नाशीतही ताठ उभा होता. त्याचे परत येणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. परतणाऱ्याला ओवाळायलाच हवे. चाकरमान्यांच्या मुलखातल्या माणसाला हे कोणी शिकवू नये. माझी तक्रार एवढीच की ओवाळताना आपण ज्याच्या पायावर पाय देऊन उभे असतो, त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही.

आणि हे वेड आजचे नाही. १९३५ साली बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले आणि पुढे पुन्हा रंगभूमीवर परतले. वय झाले होते, पण प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे तीच जुनी भामिनी! ते प्रेम खोटे नव्हते. पण त्या प्रेमाने समोरच्या माणसाचे वय दिसू दिले नाही, मग शेजारच्या माणसाचे गाणे कुठून ऐकू येणार?

आता घरची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझाही हात आहे, अगदी शब्दशः.

आमच्या वाडीच्या शक्तीवाल्या पार्टीचे शाहीर नोकरीसाठी मुंबईला गेले. त्यांच्या मागे एका पोराने बारा वर्षे पार्टी चालवली. आवाज जरा घोगरा, पण सवालाला जबाब असा की तुरेवाल्यांनी माना खाली घालाव्यात. दिवसा गवंड्याच्या हाताखाली राबायचा आणि रात्री वहीत गाणी उतरवायचा. शाहीर निवृत्त होऊन गावी आले, तशी देवळात बैठक भरली. शाहिरांना हार घातला, नारळ दिला. कोणीतरी म्हणाले, आता खरा गळा आला, पोराने मागे बसून झील धरावी. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा, असे ठरले. मी केला.

पोरगा एक अक्षर बोलला नाही. त्या गणपतीत त्याने झील धरलीही. शाहीर सुरेख गायले; म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. रात्री दोनच्या सुमारास शाहिरांनी त्याच पोराने बांधलेला एक जबाब टाकला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला आणि नाव शाहिरांचे घेतले. मी पोराकडे पाहिले. तो मान खाली घालून झांज वाजवत होता, ताल मात्र चुकू दिला नाही.

दुसऱ्या वर्षी तो आला नाही. भिवंडीकडे कुठेशी गोदामात कामाला आहे म्हणतात. त्याची गाण्यांची वही पार्टीच्या पेटीत तशीच पडली होती. ती मी मागून घरी आणली आहे. भाच्याला पडवीत बसवून मी ती वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने १९९३ सालची ती तबकडी लावली, आणि आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.