दरवेळी ‘सर्व्हर डाऊन’च असतो का? चालू पोर्टलची दुरुस्ती कशी होते, समजून घ्या

परभणी : ई-केवायसी असो वा ई-पीक पाहणी, सेवा केंद्रावर उत्तर ठरलेलं असतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ अनेकदा सर्व्हर सुरूच असतो, बिघाड वेगळाच असतो.

बिघाड कुठे असतो?

कधी गर्दी झेपत नाही, कधी कोडमध्ये चूक असते, तर कधी नियमच अर्धवट विचार करून लिहिलेला असतो. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाली. ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. शिवाय पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही हवा होता. दोघेही हयात नसतील तर? ही वाट नंतर काढावी लागली आणि मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

दुरुस्ती अवघड का?

लाइनमन डीपीवर चढण्याआधी लाइन बंद करून घेतो. चालू पोर्टलवर ती सोय क्वचितच मिळते. लोक अर्ज भरत असतानाच कोड बदलावा लागतो. घाई महागात पडते. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट एकाच वेळी जगभर गेलं. कंपनीने ते 78 मिनिटांत मागे घेतलं, तरी सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले होते. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

योग्य पद्धत कोणती?

बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर तपासायचा. मग थोड्या वापरकर्त्यांना द्यायचा, लॉग पाहायचे, ठीक असेल तरच सर्वांना. जुनं व्हर्जन परत आणण्याची तयारी आधीच हवी.

आमचं मत

चूक कोणाच्याही कोडमध्ये होते. ती लपवणं हा खरा दोष. काय बिघडलं, कधी दुरुस्त झालं, हे पोर्टलवर मराठीत लिहावं. पोर्टल जितके दिवस बंद, तितके दिवस मुदत आपोआप वाढावी. दीड हजार रुपयांसाठी मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पुन्हा खेटे घालायला लावू नयेत.

तुम्ही काय कराल?

एरर आली की तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, पण त्यात आधार क्रमांक किंवा ओटीपी दिसू देऊ नका. नेमकी वेळ कळली, की लॉगमध्ये बिघाड शोधणं सोपं जातं. ‘चालत नाही’ एवढ्यावर तो सापडणं कठीण.