पदकाची राखण औषधाच्या दुकानात

सिडनी येथे २००० साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये रुमेनियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानने जिम्नॅस्टिक्समधील वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले आणि काही दिवसांतच गमावले. तिने सर्दीवर संघाच्याच डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होते. शरीरात जे सापडेल त्याचे उत्तरदायित्व खेळाडूचेच, हा उत्तेजकविरोधी नियमांचा गाभा आहे. तेथे अज्ञानाला क्षमा नाही.

भारताची स्थिती काय आहे? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालानुसार २०२२ साली येथे तपासलेल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष ठरले. जाणूनबुजून केलेल्या अपराधाची गय नकोच. परंतु तालुक्याच्या गावातील मल्ल वा धावपटू दुखणेखुपणे घेऊन थेट ‘मेडिकल’मध्ये जातो, तेव्हा त्याला सावध कोण करणार? प्रेडनिसोलोनची गोळी स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड सदासर्वकाळ निषिद्ध आहे. दम्याचा साल्ब्युटामॉलचा फवारा ठरावीक मात्रेपर्यंतच चालतो. शिवाय दोन वेदनाशामके एकदम घेतली आणि शरीरात पाणी कमी असले, तर मूत्रपिंडावर घाला पडू शकतो. हे बारकावे वस्तादांना ठाऊक असतीलच असे नाही; फार्मासिस्टचा मात्र तो अभ्यासविषयच आहे. आवश्यक औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांकडून पर्याय घ्यावा किंवा उपचारार्थ सवलतीचा रीतसर अर्ज करावा, हेही तो सांगू शकतो.

जपानने हे ओळखले. तेथे २००९ पासून फार्मासिस्टना क्रीडाविषयक प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे १९४८ पासून फार्मसी कायदा आहे, २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदाही झाला. तरीही कित्येक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि तो स्वतः मात्र जागेवर नसतो. ही केवळ कायद्याची नव्हे, कर्तव्यभावनेची उणीव आहे.

घराघरांतील एक भाबडा समजही सोडावा लागेल. डब्यावर ‘आयुर्वेदिक’ छापले म्हणजे आतील चूर्ण निर्भेळ असते, असे नव्हे. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच भेसळखोरांविषयी अधिक कठोर असले पाहिजे.

प्रत्येक आखाड्याने व क्रीडामंडळाने गावातील एका जाणत्या फार्मासिस्टला आपला मार्गदर्शक मानावे. खेळाडूने औषध घेण्यापूर्वी ‘मी स्पर्धेत उतरतो’ असे सांगावे, आईवडिलांनी चिठ्ठी जपून ठेवावी. तिरंगा उंचावण्यासाठी घाम गाळणाऱ्या मुलाची बारा वर्षांची तपश्चर्या एका गोळीपायी मातीमोल होऊ न देणे, हीसुद्धा राष्ट्रसेवाच आहे.