विश्लेषण : तीन दिवसांत बोर्ड का नमलं? बांगलादेशच्या खेळाडूंच्या संपामागचं गणित

विधानसभा निकालाच्या धामधुमीत एक बातमी मागे पडली. बांगलादेशच्या क्रिकेट खेळाडूंनी सोमवारी, २१ ऑक्टोबर २०१९ ला संप पुकारला आणि बुधवारी रात्री तो मिटलाही. आपल्याकडे तेव्हा महिनाभर बांगलादेशचं नाव निघत होतं ते कांद्यामुळे. २९ सप्टेंबरला केंद्राने निर्यात बंद केली आणि तिकडं जाणारा माल अडकला. पण खेळाडूंची ही बातमीही शेतकऱ्याने वाचावी अशी आहे, कारण हे भांडणसुद्धा भावाचंच होतं.

नेमकं काय घडलं?

ढाक्यातल्या मीरपूर मैदानावर शाकिब अल हसन, तमीम इक्बाल, मुश्फिकुर रहीम यांच्यासह पन्नासहून जास्त खेळाडू जमले. ११ मागण्या वाचून दाखवल्या आणि त्या मान्य होईपर्यंत बॅट हातात घेणार नाही, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष नझमुल हसन यांनी याला षड्‌यंत्र म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री तेच अध्यक्ष खेळाडूंसोबत बसले आणि बहुतेक मागण्या मान्य असल्याचं सांगितलं. एका दिवसात भाषा बदलली. ती का बदलली, हेच समजून घ्यायचं आहे.

गिऱ्हाईक एकच

शाकिब, तमीम यांच्यासारख्या मोठ्या खेळाडूंना पैशाची ददात नव्हती. खरा प्रश्न खालच्या फळीचा होता. तिकडच्या राष्ट्रीय लीगमध्ये वरच्या गटातल्या खेळाडूला एका चार दिवसांच्या सामन्याचे ३५ हजार टका मिळत होते. मागणी एक लाखाची होती. शिवाय प्रवासभत्ता, दैनिक भत्ता, क्लबांकडे थकलेले पैसे आणि मैदानावर राबणाऱ्या माणसांचा, पंचांचा पगार हेही मागण्यांमध्ये होतं.

पण मुळातली तक्रार वेगळी होती. ढाका प्रीमियर लीगमध्ये पूर्वी खेळाडू क्लबाशी स्वतः बोलून आपला भाव ठरवायचा. पुढे बोर्डाने प्रतवारी लावून दर बांधून दिले. २०१९ मध्ये तर बीपीएल या त्यांच्या टी-२० स्पर्धेतून संघमालकांनाच बाजूला केलं आणि सगळे संघ बोर्डाने स्वतःकडे घेतले. म्हणजे घेणारा एकच उरला. लिलावाला एकच व्यापारी उभा राहिला तर काय भाव निघतो, हे बाजार समितीत ट्रॅक्टर लावून बसलेल्याला सांगायला नको. म्हणूनच जुनी पद्धत परत आणा, ही मागणी पैशाच्या मागणीइतकीच महत्त्वाची होती.

वेळ कोणाची अडली?

शेतकरी भाव पाडून का विकतो? माल नासतो म्हणून. खेळाडूंनी नेमकं हेच उलटं केलं. ३ नोव्हेंबरला दिल्लीत भारताविरुद्ध पहिला टी-२० सामना होता. मग राजकोट, १० तारखेला आपल्या नागपुरात तिसरा आणि पुढे इंदूर, कोलकात्यात दोन कसोट्या. संप पुकारला तेव्हा पहिल्या सामन्याला फक्त १३ दिवस उरले होते. तारीख गेली की सामना गेला, तो साठवून ठेवता येत नाही. इथे नासणारा माल बोर्डाच्या गळ्यात होता.

दौरा मोडल्यावर काय होतं, हे बोर्डाला ठाऊक होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ मानधनाच्या वादातून धरमशाळेच्या सामन्यानंतर भारतातला दौरा अर्धवट सोडून गेला. आपल्या बीसीसीआयने त्यांच्या बोर्डाकडे सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागितली होती.

वेळ साधली तरी पुरत नाही

मात्र त्याच प्रकरणात वेस्ट इंडिजचे खेळाडूही हरले. त्यांचं भांडण बोर्डाशी होतं तसंच स्वतःच्या संघटनेशीही होतं. संघटनेने केलेला करारच त्यांना मान्य नव्हता. पुढे कर्णधार ड्वेन ब्राव्हो आणि कायरन पोलार्ड यांना २०१५ च्या विश्वचषक संघात जागा मिळाली नाही.

याउलट ऑस्ट्रेलियात २०१७ साली ३० जूनला करार संपला आणि सुमारे २३० खेळाडू बेकार झाले. बोर्डाने वरच्या खेळाडूंना जादा पैसे देऊ केले होते. उत्पन्नातला वाटा मात्र खालच्यांचा काढून घ्यायचा होता. स्मिथ, वॉर्नर फुटले नाहीत. अॅशेस मालिका तोंडावर होती. ३ ऑगस्टला तडजोड झाली, वाटा टिकला आणि महिला खेळाडूही पहिल्यांदाच त्या करारात आल्या.

बांगलादेशच्या खेळाडूंनी दोन्ही गोष्टी जमवल्या. वेळ साधली, आणि मोठ्यांनी लहानांचं गाऱ्हाणं पुढं केलं. राष्ट्रीय लीगचे खेळाडूच संपावर असल्याने बोर्डाकडे दुसरी फळी पाठवायचीही सोय उरली नाही.

पुढं काय?

खेळाडू भारत दौऱ्याच्या शिबिराला जाणार होते, लीगही खेळणार होते. पण नंतर वाढवलेल्या दोन मागण्या, त्यात बोर्डाच्या उत्पन्नातला वाटा, यावर तेव्हा बोलणं झालं नव्हतं. जे मान्य झालं, तेही शब्दाने झालं होतं. दौरा आटोपला की खेळाडूंच्या हातातली तारीख संपणार होती. मग बोर्डाला घाई राहणार नव्हती. दिलेला शब्द कागदावर येतो का आणि संपात पुढं असलेल्यांना निवडीत त्रास होतो का, हे तेव्हा कळणार होतं.

आपल्याकडे काय स्थिती? २०१९ मध्येच भारतीय क्रिकेटपटूंची संघटना उभी राहिली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज रणजी खेळणाऱ्या पोराच्या वतीने बोर्डासमोर बसून भाव बोलणारं कोणी नाही. बोर्ड देईल ते घ्यायचं. एवढं ध्यानात असू द्यावं : नागपुरात खेळायला येण्याआधीच समोरच्या संघाने एक सामना घरी जिंकला होता. फक्त त्याचे पैसे तेव्हा अजून हातात पडायचे होते.