पत्ता नसलेला करंडक

आष्टी म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, ‘बीडची का वर्ध्याची?’ आमची तिसरी. जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. गावाच्या नावामागे तालुका लावण्याची आम्हाला सवय झाली आहे. ग्रोसवालश्टाटच्या माणसांना मात्र, निदान हँडबॉलवाल्यांपुढे, असलं काही लावावं लागत नाही. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, माइन नदीच्या काठी वसलेलं हे गाव. वस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आष्टीहून मोठी नक्कीच नाही. या गावाने १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपातल्या विजेत्या क्लबांचा हँडबॉल करंडक घरी नेला. पहिल्या वर्षी पूर्व जर्मनीच्या रोस्टॉकला हरवून, दुसऱ्या वर्षी आइसलंडच्या वालुरला हरवून.

क्लबचं नाव टीव्ही ग्रोसवालश्टाट. ‘टीव्ही’ म्हणजे टुर्नफेराइन, कसरत मंडळ. आपल्या भाषेत तालीम. स्थापना १८८८ ची. हँडबॉल नंतर आला, आधी दंड-बैठका होत्या. १९७८ ते १९८१ अशी सलग चार वर्षं, मग १९८४ आणि १९९० मध्ये हे गाव देशाचं विजेतं ठरलं.

या गावाचा गोलरक्षक मानफ्रेड हॉफमान. मार्च १९७६, कार्ल-मार्क्स-श्टाट, पूर्व विरुद्ध पश्चिम जर्मनी. माँट्रियल ऑलिंपिकला कोण जाणार याचा फैसला. पश्चिम जर्मनी ८-११ ने मागे. एवढ्या फरकाने हरली तरी तिला चालणार होतं, आणखी एक गोल बसला की मात्र खेळ खलास. वेळ संपली, आणि पूर्व जर्मनीला सात मीटरवरून फेक मिळाली. समोर हान्स एंगेल. हॉफमानने पाय घातला, चेंडू अडला, पश्चिम जर्मनी हरून माँट्रियलला गेली. जर्मनीतली जुनी माणसं तो पाय अजून विसरलेली नाहीत. दोनच वर्षांनी कोपनहेगनला याच संघाने सोव्हिएत रशियाला २०-१९ ने हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हाही संघात हॉफमान होताच.

मोठ्या शहरांतही मुळं वस्तीतच आहेत. कीलच्या टीएचडब्ल्यू या क्लबने २०११-१२ च्या हंगामात साखळीतले ३४ पैकी ३४ सामने जिंकले. त्याच्या नावातली ‘एच’ आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे हासे आणि विंटरबेक, कीलच्या दोन वस्त्या. १९०४ साली तिथल्या लोकांनी मंडळ काढलं, ते नाव आजही छातीवर आहे.

आता आपला हिशेब. महाराष्ट्राकडे व्यावसायिक हँडबॉलचा करंडक नाही असं कुणी म्हणू नये. जून २०२३ मध्ये प्रीमियर हँडबॉल लीग पहिल्यांदा झाली, सहा संघ उतरले, आणि ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ने अंतिम सामन्यात उत्तर प्रदेशच्या गोल्डन ईगल्सला ३८-२४ असं धुऊन काढलं. अभिनंदन करायलाच हवं. फक्त हे सगळे सामने झाले जयपूरला. ८ जूनला लीग सुरू झाली, २५ ला संपली. परतूरच्या एखाद्या पोराला हा संघ आवडला, तर त्याने कुठे जायचं? सरावाला कोणत्या मैदानावर, वर्गणी कुणाकडे भरायची, तेरा वर्षांच्या धाकट्या बहिणीला कोणत्या तुकडीत घालायचं? मालक आहे, संघ आहे, पत्ता नाही.

मंडळ ही काही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पोरांनी तिथे कबड्डी खेळून दाखवली. त्याच बर्लिनमध्ये मैदानी हँडबॉल, अकरा-अकरा खेळाडूंचा, ऑलिंपिकमध्ये पदकासाठी पहिल्यांदा आणि शेवटचा खेळला गेला आणि जर्मनीने सुवर्ण घेतलं. त्यांची तालीम आणि आपली तालीम एकाच गावात उतरली होती म्हणायची. पुढे कबड्डीला मंडळं मिळाली, म्हणून कबड्डी जगली. हँडबॉलला मिळाली शाळा.

शालेय स्पर्धांत हँडबॉल आहेच. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. जिल्हा, विभाग, राज्य. शिवाय दहावी-बारावीला क्रीडागुण. क्रीडाशिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, बिचारे एकाच वेळी सहा खेळांचे संघ घेऊन एसटीने हिंडतात. पण एकोणिसावं सरलं की प्रमाणपत्र कपाटात आणि पोरगं भरतीच्या मैदानावर. ग्रोसवालश्टाटमध्ये त्या वयात मोठ्यांच्या संघाचं दार उघडतं, आणि ज्याला ते जमत नाही तो संध्याकाळी लहान मुलांना चेंडू झेलायला शिकवतो.

त्यांचंही सगळं गोड नाही. २०१३ साली क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला, पुढे दिवाळखोरी आली, तिसऱ्या श्रेणीत खेळावं लागलं. पगारी खेळात चार हजारांच्या गावाला मोठ्या शहरांची बरोबरी कुठवर झेपणार? तरी मंडळ मोडलं नाही, आणि क्लब पुन्हा वर चढून दुसऱ्या श्रेणीत आला. मालक गेला की संपणारी ती गोष्ट नव्हती.

वर्गणी कशी गोळा करावी हे आम्हाला जर्मनांनी शिकवायला नको. गणपती, जयंती, सप्ताह. पावतीपुस्तक घेऊन फिरणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि हिशेबही चोख देतात. हँडबॉलचं मैदान ४० मीटर लांब, २० रुंद. म्हणजे आठ गुंठ्यांना थोडं कमी. त्यात तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच अशा दोन लोखंडी चौकटी, बाकी चुन्याच्या रेषा. आमच्याकडे बऱ्या घरच्या लग्नाच्या मांडवाला आणि पंगतीला एवढी जागा पुरत नाही, आणि ती एका सांगाव्यावर मोकळी करून मिळते.