मुंबई बघायला निघताना

मंडळी, सुगी उरकली, हातात चार पैसे आले, की पोरं मुंबईचा हट्ट धरतात. दाखवा की! मात्र वार बघून निघा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. आम्ही पहिल्या खेपेला नेमके सोमवारी गेलो. लेणी हुकली, गेटवेची कमान तेवढी पाहिली. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली इथं उतरला, त्याची आठवण म्हणून ती बांधली. १९२४ साली पुरी झाली. अन् १९४८ साली गोऱ्यांची शेवटची पलटण गेली, तीही याच कमानीतून!

खरी धास्ती लोकलची. गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. दादरला आम्ही चढलो अन् धाकटी फलाटावरच राहिली. काळजाचं पाणी झालं. पुढच्या स्टेशनात उतरून परत आलो, तर पोर त्याच खांबाला धरून उभी! जत्रेत चुकलीस तर जागा सोडू नको, हे आजीनं तिला शिकवलेलं.

तुम्हीही घरूनच ठरवून निघा. मागे राहील त्यानं हलायचं नाही, पुढे जाईल त्यानं परत यायचं. गाडी धीमी धरा. जलद गाडी मधली स्टेशनं सोडते. अन् पोरांच्या खिशात नाव, गाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.