ऑक्सिजन हवेत, माणूस गटारात

दोस्तांनो, शाळेतला तो प्रयोग आठवतो? भांड्यात पाणी, थोडं आम्ल, दोन तारा, बॅटरी. एका नळीत ऑक्सिजन, दुसरीत दुप्पट हायड्रोजन. जळती काडी नेली की फट्‌! मागच्या बाकावरनं आम्ही टाळ्या पिटल्या होत्या.

तोच प्रयोग आता सरकारला करायचाय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. १९,७४४ कोटी रुपये. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन. सूर्य-वाऱ्याच्या विजेने पाणी फोडायचं. ठीक. पण पाणी कुणाचं?

मी गोदीत माल उचलतो. वजनाचा हिशेब मला कळतो. १ किलो हायड्रोजनला ९ किलो पाणी. ५० लाख टनाला रोजचे सव्वाबारा कोटी लिटर. गाळण्यात जाणारं, यंत्र थंड करायला लागणारं धरून दुप्पट करा, तिप्पट करा. आणि वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर ही मुंबईतली सात नवी मैलापाणी केंद्रं मिळून क्षमता रोजची २४६ कोटी लिटर. अख्ख्या देशाचं स्वप्न एका शहराच्या संडासात भागतं, वर उरतं! मग हायड्रोजनसाठी धरणाचं पाणी कुणी मागू नये. ज्या वस्तीत दोन हंडे भरले की नळ जातो, तिच्या तोंडचं काढू नका. गटाराचं घ्या. ते तसंच यंत्रात चालत नाही. आधी मैला काढायचा, मग क्षार काढायचे. ते तंत्र आहे.

आता गोम ऐका. १ किलो हायड्रोजनमागे ८ किलो ऑक्सिजन निघतो. जवळ गिऱ्हाईक नसलं की हवेत सोडतात. मैलापाणी केंद्राला तर तोच पाहिजे. १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेटनी दाखवलं, मैल्यात हवा फुंकली की जिवाणू माजतात आणि घाण खातात. आजही ब्लोअर रात्रंदिवस फुंकतात. केंद्राची निम्मी वीज बहुतेक तिथंच जाते. म्हणून दोन्ही शेजारी बांधा, असं जगभरचे इंजिनियर म्हणतात.

पण भुलू नका. १ किलो हायड्रोजनला ५०-५५ युनिट वीज लागते. तेवढा ऑक्सिजन ब्लोअरने कितीतरी स्वस्तात विरघळतो. नुसत्या ऑक्सिजनसाठी हे करणं येडेपणा. हायड्रोजन काढणारच असाल तर ऑक्सिजन वाया घालवू नका, एवढंच. आणि वीज कोळशाची असेल तर 'हरित' हा शब्द थुंकून टाका.

माझा मामा गटारात उतरायचा. कंत्राटदाराने दोर दिला, मास्क नाही. खाली विषारी वायू. म्हणजे जिवाणूंना शुद्ध ऑक्सिजन द्यायचा विचार होतो, माणसाला साधी हवा द्यायचा होत नाही. २०१३ चा कायदा असं उतरवायला बंदी करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्यायला सांगितले. मेल्यावर तीस लाख. जिवंतपणी?

काही दोस्त म्हणतील, तू आपल्याला पुन्हा मैल्यालाच बांधतोयस. नाही बाबांनो. मैला नुसता घाण मारत होता तोवर तो आपल्या डोक्यावर होता. आता त्यात पैसा दिसतोय, तर तो त्यांच्या तिजोरीत जाणार. आपण नाक दाबून बाजूला व्हायचं काय? माझी मागणी साफ आहे. या पैशातून आधी गटार उपसायची यंत्रं घ्या, माणूस खाली उतरता कामा नये. उतरणाऱ्यांना आणि त्यांच्या पोरापोरींना शिकवून केंद्रात कायम नोकरी द्या, मीटरवर आणि व्हॉल्व्हवर, झाडूवर नाही.

आणि सगळ्यांना धोका सांगा. हायड्रोजनला ठिणगी पुरते. १४ एप्रिल १९४४, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशीच, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट फुटली. दारूगोळा आणि कापूस एकाच बोटीत भरलेला. शेकडो माणसं मेली. माल काय आहे हे उचलणाऱ्याला कधी सांगतात?

१९२७ ला महाडात आपण तळ्याचं पाणी प्यालो, तर त्यांनी ते गोमूत्र ओतून शुद्ध केलं. आज त्यांना गटाराचं पाणी चालणार आहे. चालू द्या. फक्त त्याचा हिशेब आपल्यासमोर करा.